बाळाच्या अंगावरचे लाल ठिपके मोजा



पाणी गाळताना, धान्य निवडताना आपण जी जयणा पाळतो, तीच नजर बाळाला न्हाऊ घालतानाही हवी. आज त्याबद्दलच लिहिते.

माझी भाची बाळंतपणाला खालापूरला, माहेरी आली होती. मुलगी दीड महिन्याची असताना न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, गेल्या आठवड्यात चार लाल ठिपके होते, आज सात आहेत." घरात कुणी म्हणालं, ग्रहण पाळलं नसेल. कुणी म्हणालं, मागच्या भवाचं कर्म. भाची रडू लागली. माझी बहीण मात्र बाळाला घेऊन थेट कर्जतला बालरोगतज्ज्ञांकडे आली. मीही सोबत गेले.

डॉक्टरांनी समजावलं, हे हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठी. कॅन्सर नव्हे. पण त्वचेवर पाच किंवा जास्त असतील तर यकृतातही असू शकतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी करायची. त्यात सुई नाही, भूल नाही.

यकृतातल्या या गाठींचे तीन प्रकार. एकटी गाठ बहुधा जन्मतःच वाढलेली असते आणि वर्षभरात आपोआप आक्रसते. दुसऱ्यात सुट्या सुट्या अनेक गाठी असतात. तिसऱ्यात जवळजवळ सगळं यकृत व्यापतं. पोट फुगतं, श्वासाला त्रास होतो, हृदयावर ताण येतो. या गाठी थायरॉइडचं संप्रेरकही नष्ट करू शकतात, म्हणून रक्ततपासणी लागते.

आमच्या बाळाला दुसरा प्रकार निघाला, तीन छोट्या गाठी. पुढे परळच्या वाडिया बाल रुग्णालयात दाखवलं. हृदय आणि थायरॉइड ठीक होतं. प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. हे मुळात हृदयाचं औषध. त्याने या गाठी आक्रसतात हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये जगापुढे मांडलं.

एक गोष्ट आपल्या घरांत विशेष जपायची. हे औषध उपाशीपोटी द्यायचं नाही, बाळाची साखर उतरू शकते. बाळ दूध पीत नसेल, उलटी होत असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. चौविहार आपला, बाळाला रात्रीही पाजायचंच.

आता गाठी लहान होत आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिले तीन-चार महिने आंघोळीच्या वेळी ठिपके मोजा, फोटो काढून ठेवा, लेप लावू नका. आणि बाळंतिणीला दोष देऊ नका. कडू शब्द ही सुद्धा हिंसाच.