अम्मीच्या पडवीतला कॅमेरा

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या गावांमध्ये कॅमेरे फार झाले. कुणाचा मुलगा दोह्याला, कुणाचा कुवेतला, कुणाचा मुंब्र्याला. गावच्या घरात म्हातारी माणसं आणि दारावर एक पांढरा गोल डोळा. दुकानात गेल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात: मेगापिक्सल किती, आणि मोबाइलवर दिसेल ना? चित्र कॅमेऱ्यातून निघून मोबाइलवर पोहोचतं कसं, वाटेत कुठे थांबतं, चावी कुणाकडे राहते, हे सहसा कुणी विचारत नाही. आम्हीही काही संगणकाचे शिक्षक नव्हे, उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसं. पण घरात वेळ अशी आली की हे सगळं समजून घेणं भाग पडलं.

मागच्या पावसाळ्यात अम्मी ओट्याच्या पायरीवरून घसरली. अल्लाहची मेहेरबानी, हाड मोडलं नाही. पण फोन आत माजघरात राहिलेला, त्यामुळे दीड तास ती तशीच पायरीवर बसून होती. भाईजाननी दोह्याहून फोन करून त्याच आठवड्यात दोन कॅमेरे बसवून घेतले, एक फाटकाकडे बघणारा, एक पडवीत. आम्ही शनिवारी गावी पोहोचलो तेव्हा वायरी ठोकून झाल्या होत्या. बसवणाऱ्या मुलाने एका चिठ्ठीवर नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्ड ‘१२३४५६’ असं लिहून दिलं आणि म्हणाला, “सर, हे बदलू नका. पुढे काही बिघडलं तर मला आत यायला सोपं पडतं.”

त्याला आत यायला सोपं पडतं, हेच आमच्या डोक्यात घोळत राहिलं.

जुन्या सीसीटीव्हीत चित्र जाड केबलमधून थेट रेकॉर्डरच्या पेटीत जायचं. केबल संपली की चित्रही संपलं. नेटवर्क कॅमेऱ्याचं तसं नाही. तो भिंग लावलेला छोटा संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असतो. असा पहिला कॅमेरा स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने १९९६ साली बाजारात आणला. म्हणजे आपण भिंतीवर कॅमेरा ठोकतो तेव्हा खरं तर इंटरनेटला जोडलेला एक संगणक ठोकतो आणि त्याला रात्रंदिवस चालू ठेवतो.

पत्त्याची गोष्ट अशी. घरातला राऊटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हा क्रमांक घरापुरताच. आमच्या घरात जो क्रमांक कॅमेऱ्याला मिळाला, तोच तुमच्या घरात टीव्हीला मिळालेला असू शकतो. ‘माजघराच्या डावीकडची खोली’ म्हटलं तर घरच्या माणसाला कळतं, पोस्टमनला नाही, तसंच हे. बाहेरच्या जगासाठी राऊटरचा वेगळा पत्ता असतो. घरातले क्रमांक कायमचेही नसतात. वीज जाऊन आली की राऊटर कधी कधी कॅमेऱ्याला नवा क्रमांक देतो आणि रेकॉर्डर बिचारा जुन्याच क्रमांकावर शोधत बसतो. लोक म्हणतात कॅमेरा बिघडला. राऊटरमध्ये तो क्रमांक त्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवला की हा त्रास संपतो. कोकणात वीज किती वेळा जाते हे काय सांगावं!

आता दोह्यात बसलेल्या माणसाला घरातलं चित्र दिसायचं कसं? जुना मार्ग म्हणजे राऊटरच्या भिंतीला दार पाडायचं. या दारांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. वेबपानासाठी सहसा ८०, चालू व्हिडिओसाठी ५५४. राऊटरला सांगून ठेवायचं की बाहेरून या दारावर कुणी आलं तर त्याला कॅमेऱ्याकडे पाठव. आमच्या त्या मुलाने नेमकं हेच केलं होतं. पण हे दार फक्त भाईजानसाठी उघडत नाही, साऱ्या दुनियेसाठी उघडतं. त्याला कुलूप एकच, पासवर्डचं. आणि ते ‘१२३४५६’.

अशा उघड्या दारांवर माणसं एकेक करून टकटक करत नाहीत, ते काम प्रोग्राम करतात. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने जगभर हेच केलं. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, बस्स. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांतल्याच यंत्रांचा लोंढा अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर सोडला गेला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिथे तासन्‌तास बंद पडल्या. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना याचा पत्ताही नसणार. त्यांच्या कॅमेऱ्यात तर चित्र नीट दिसत होतं. भारतात एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची सरकारी तपासणी बंधनकारक झाली आहे. चांगलं झालं, पण पासवर्ड काही सरकार येऊन बदलणार नाही.

आम्ही त्याच संध्याकाळी तो बदलला. राऊटरमधलं दार बंद केलं, यंत्रांना आपणहून दारं उघडू देणारी ‘यूपीएनपी’ नावाची सोय बंद केली, कॅमेऱ्याचा सॉफ्टवेअर अद्ययावत केला. चार दिवसांनी त्या मुलाचा फोन आला, “सर, मला तुमचा कॅमेरा दिसत नाही.” आम्ही म्हटलं, “बरोबर आहे, बाळा.”

दुसरा मार्ग हल्ली जास्त चालतो. डब्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने वाचायचा की झालं. यात कॅमेरा स्वतःच घरातून बाहेर कंपनीच्या संगणकाशी बोलतो आणि आपला मोबाइलही तिथेच जाऊन त्याला गाठतो. भिंतीला दार पाडावं लागत नाही. अनेक इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, तिथे तर दार पाडूनही उपयोग नसतो, हाच मार्ग उरतो. सोय मोठी आहे. मात्र मधे कंपनी आली, आणि चावी आता अ‍ॅपच्या खात्यात गेली. आमच्याकडे ही चावी कुठे होती? भाईजाननी प्रेमापोटी ती कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. अकरा माणसं. त्यांत दोन पुतणे, एक मेव्हणा आणि त्याचा भागीदारसुद्धा, जो ग्रुपवर कसा आला हे कुणालाच सांगता येईना.

व्हिडिओचा हिशोब आम्हाला मशिदीमुळे शिकायला मिळाला. जमातीने चार कॅमेरे लावले होते. पाण्याची मोटार चोरीला गेली आणि ते दहाव्या दिवशी लक्षात आलं. रेकॉर्डर उघडून पाहिला तर सहा दिवसांमागचं काहीच नाही. सगळे दुकानदारावर चिडले. पण हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट होतात. एवढं कोण साठवणार? म्हणून कॅमेरा ते दाबून बारीक करतो. आपण हजेरीपटावर महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या मुलांची नावं लिहितो, मग रोज फक्त खुणा करतो. कॅमेराही सेकंद-दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र ठेवतो आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं ते लिहितो. या पद्धतीला एच.२६४ म्हणतात, ती २००३ सालची. २०१३ मध्ये आलेली एच.२६५ साधारण निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवते.

जमातीचे कॅमेरे सेकंदाला ४ मेगाबिटवर ठेवलेले होते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट, दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याचे रोज ४३ गिगाबाइट, चौघांचे १७३. एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. आम्ही कॅमेरे एच.२६५ वर घेतले, २५ ऐवजी १५ चित्रं केली, ओघ २ मेगाबिटवर आणला आणि दोन टेराबाइटची डिस्क घालायला लावली. आता तेवीस दिवसांचं राहतं. मोटार काही परत आली नाही.

दोह्यात चित्र अडकत होतं त्याचं कारणही यातच होतं. भाईजान तिथल्या इंटरनेटला नावं ठेवत होते, पण चित्र पाठवतं गावचं घर, म्हणून वेग बघायचा तो गावाकडून बाहेर जाणारा, ज्याला अपलोड म्हणतात. बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह देतात, साठवायला मोठा आणि मोबाइलवर बघायला छोटा. मोबाइलवर छोटा निवडला की पुष्कळदा भागतं. जांभ्याच्या दीड फुटी भिंतींतून वायफाय नीट पोहोचत नाही, तिथे सरळ नेटवर्कची केबल ओढावी. कॅमेऱ्यात सोय असेल तर त्याच केबलमधून वीजही जाते, आणि शंभर मीटरपर्यंत चालतं. घड्याळही तपासावं. आमच्या रेकॉर्डिंगवर वेळ अडीच तास मागे दिसत होती, कारण मोबाइल दोह्याचा म्हणून कॅमेराही दोह्याच्या वेळेवर गेला होता. पोलिसांना असं रेकॉर्डिंग दाखवलं तर घोळच व्हायचा. आणि रात्रभर ‘हालचाल आढळली’ असे संदेश येत राहिले तर चोर शोधण्याआधी भिंगावरचं कोळ्याचं जाळं झाडूने काढावं.

एवढं झाल्यावर आम्हाला वाटलं काम संपलं. अम्मी म्हणाली, “फाटकावरचा राहू दे. हा काढा.”

असरनंतर शेजारच्या दोन-तीन बायका अम्मीच्या पडवीत येऊन बसायच्या. कुणी केसांना तेल लावायचं, कुणी तांदूळ निवडायचं, डोक्यावरचे दुपट्टे खांद्यावर यायचे. कॅमेरा लागल्यापासून त्या येईनाशा झाल्या. शेजारच्या खालांनी स्पष्टच सांगितलं, “तुझे मुलगे बघतात, मला काय माहीत आणखी कोण बघतं.” त्या ग्रुपवर किती माणसं आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कॅमेऱ्यात मायक्रोफोनही होता. म्हणजे पडवीतलं बोलणंसुद्धा जात होतं.

भाईजान फोनवर रडवेले झाले. “दीड तास, दीड तास बसली होती ती.” अम्मी म्हणाली, “अरे, पडले मी एकदा. म्हणून रोज मला बघत बसणार? माझ्या घरात येणाऱ्याला मी काय सांगू?” दुसऱ्याच्या दारात सलाम करून तीनदा इजाजत मागावी आणि नाही मिळाली तर परत फिरावं, हे आम्ही वर्गात मुलांना सांगतो. कॅमेऱ्याला दारात थांबायचं ठाऊक नाही, ते त्याला लावणाऱ्यानेच ठाऊक ठेवावं लागतं. भाईजानची काळजी आम्हाला कळत होती, तरी आम्ही अम्मीच्या बाजूने बोललो.

पडवीतला कॅमेरा काढून पायरीच्या दिशेने लावला. चित्रात बसायच्या जागेचा कोपरा येत होता, तिथे सेटिंगमधून काळा चौकोन टाकला. तेवढा भाग दिसतही नाही, साठवलाही जात नाही. मायक्रोफोन बंद केला. अ‍ॅपचा पासवर्ड बदलून तो दोनच फोनवर ठेवला, भाईजानचा आणि आमचा, आणि प्रत्येक नव्या लॉगिनला फोनवर कोड येईल असं केलं. कॅमेऱ्याचा प्लग अम्मीच्या हाताला येईल अशा जागी आणला. शिवाय बाजारातून दारावरची साधी बिनवायरची घंटा आणली. तिचं बटण दोऱ्यात ओवून अम्मीच्या गळ्यात दिलं आणि घंटा खालांच्या स्वयंपाकघरात लावली. पायरीवरून दाबून बघितलं, तिकडे वाजली.

अम्मी असरनंतर प्लग बंद करते, मगरिबला चालू करते. दोह्यात तेव्हा दुपार असते. अ‍ॅपवर ‘ऑफलाइन’ दिसलं की पहिले काही दिवस भाईजान आम्हाला फोन करायचे. आता ते सरळ अम्मीला करतात, आणि बऱ्याचदा फोन खालाच उचलतात.