याडी

तुमच्या स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता' होतं ना? आमच्याही व्हायचं. गोष्ट १९९४ सालची. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातली. मी चौथीत होतो. लुंगी गुंडाळून मला केरळी करण्यात आलं होतं. (केरळ नकाशात कुठे आहे, ते मला धड दाखवता येत नव्हतं!)

तालमीच्या दिवशी बाईंनी सहज विचारलं, "घरी आईला काय म्हणता रे?" आई, माय, अम्मी... भराभर उत्तरं आली. माझ्या बाकावरचा मुलगा कन्नडकडच्या तांड्यावरून आलेला. त्याचे आईवडील सूतगिरणीजवळ बांधकामावर होते. तो म्हणाला, "याडी."

मी फस्सकन हसलो. "येडी? आईला येडी म्हणतो!" मग काय, अख्खा वर्ग हसला. तो गपकन खाली बसला.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'याडी' लिहिलं. म्हणाल्या, बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. ही बोली राजस्थानीच्या नात्यातली. बैलांवर मीठ नि धान्य लादून हे लोक देशभर हिंडत. दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजांचं धान्यही त्यांच्याच बैलांवरून यायचं. मग मला उभं केलं. "हजेरीला काय म्हणतोस?"

"हजर."

"अरबी! पाठीवरचं दप्तर फारसी. आणि ही अम्मीवाली 'नक्को' म्हणते, ते दख्खनीनं आपल्या 'नको'वरून घेतलंय. १६१० मध्ये हे गाव वसवणारा मलिक अंबर तर आफ्रिकेतून आलेला. आता कुणाला हसतोस?"

मी मान खाली घातली. पण तो आठवडाभर माझ्याशी बोललाच नाही.

संमेलनात एक मुलगी टिकल्या लावलेला भाड्याचा घागरा घालून राजस्थानी झाली होती. आणि मागे, भिंतीपाशी, खरे आरसे चमकत होते! त्याची याडी कामावरून सुट्टी काढून, तिचा ठेवणीतला पोशाख घालून आली होती. मी घाबरतच जवळ गेलो. "याडी, हा माझ्या बाकावरचा," तो म्हणाला. तिनं हसून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मी हसलो होतो, हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

उन्हाळ्यात बांधकाम संपलं, ते लोक निघून गेले. तोवर माफी मागायचं धाडस काही मला झालं नाही. आणि पत्ता? तो विचारायचं सुचलंच नाही.