डोळे मिटून पार्ले!

लोकलमध्ये डुलकी लागली तरी विलेपार्ले चुकायचं नाही. बिस्किटांचा खमंग वास नाकात शिरला की उठायचं, बस्स! कपड्याच्या धंद्यातल्या मोहनलाल चौहानांनी १९२९मध्ये पूर्वेला तो कारखाना काढला, जेमतेम १२ माणसांनिशी. आधी गोळ्या-चॉकलेटं, १९३९च्या सुमारास बिस्किटं. कंपनीला नाव मात्र स्वतःचं नाही, गावाचं दिलं. (पार्लेकरांचा भाव तेव्हापासूनच वधारला असावा!) पुढे चौहानांच्या घरात वाटण्या झाल्या. फ्रूटी एकाकडे, बिसलेरी दुसऱ्याकडे गेली. पार्ल्यात बिस्किटं भाजली जातच होती. २०१६मध्ये इथल्या भट्ट्या थंडावल्या. पार्ले-जी अजूनही कुठल्याही टपरीवर मिळतं, चहात बुडतंही. पण परवा गाडीत डोळा लागला आणि मी थेट अंधेरीला उतरले.