नाव हलवू नोका

सौंसरात नाव पाहायला गल्ली गोळा होते. आमच्या भागात कन्हान आहे, जाम आहे, पण नाव चालेल इतकं पाणी बारमाही असतं कुठे? पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, माणसं जाम नदीत उतरतात ती दगड घेऊन. त्यामुळे साडभाऊंची अठरा फुटी पत्र्याची नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लादून आमच्या घरी आली, तेव्हा सल्ले देणारे पुष्कळ होते आणि नाव उतरवलेला एकही नव्हता.

साडभाऊ पेंच नदीवरच्या माचागोरा धरणावर मासे धरतात. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेवढ्यात बुडाचा सडलेला पत्रा बदलून हवा होता. माझं वेल्डिंगचं काम घरामागच्या टिनाच्या शेडमध्येच चालतं. जोडकामाची काळजी नव्हती, नाव खाली घ्यायची होती.

"धरणावर आम्ही आठ-दहा गडी मिळून उचलतो," साडभाऊ म्हणाले. मी हिशेब मांडला. 3 मिमीचा पत्रा चौरस मीटरला साधारण 23.5 किलो भरतो. तळ आणि बाजू धरून चौदा मीटर, वर अँगल, म्हणजे चार क्विंटलच्या आसपास. काठावर हातातून निसटली तर चिखलात बसते. इथे खाली कोबा, दोन्हीकडे भिंती, माणसानं पाय काढायचा कुठे? कुणी म्हणालं, शेडच्या पाइपाला चेन कुप्पी टांगा. तो पाइप टिनं झेलायला आहे, नाव नाही.

शेवटी पांढुर्ण्याहून एका काकांना बोलावलं. संत्र्याच्या बगीच्यांतल्या विहिरींतून मोटरी काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ट्रॉलीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "नाव हलवू नोका बाप्पा, ट्रॉली हलवा."

नाव जागच्या जागी वर घ्यायची आणि ट्रॅक्टरनं खालून ट्रॉली ओढून न्यायची. त्यासाठी ट्रॉली उलटी आत घेतली, ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवला. नाव ट्रॉलीच्या मागे बरीच बाहेर आली होती. ट्रॅक्टर सोडला असता तर ट्रॉली बंडीसारखी उलार झाली असती. पुढे-मागे गर्डरच्या दोन घोड्या उभ्या केल्या. पुढचीचे पाय इतके फाकवले की ट्रॉली मधून निघून जावी. प्रत्येक घोडीला एकेक टनाची कुप्पी.

पट्टे मी बांधले, ते काकांनी सोडायला लावले. बुडाखालून आलेला पट्टा फार पसरट होऊन हुकात गेला की दोन्ही काठ आत दाबले जातात. ताणही वाढतो. जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला, तर पट्ट्याच्या दोन्ही अंगांवर, प्रत्येकावर, टांगलेलं सगळं वजन येतं. म्हणून हुक उंच घेतले आणि नावेच्या रुंदीचे पाइप कापून काठांच्या मध्ये आडवे अडकवले. पत्र्याच्या धारेवर पट्टा कापू नये म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे घातले.

"पाणी?" काकांनी विचारलं. मागचं बूच काढलं तर गढूळ धार लागली, ती थांबेचना. फळ्यांखाली पाणी साचलं होतं. शंभर लिटर म्हणजे एक क्विंटल, आणि तेही जिकडे कल तिकडे धावणारं. ते सगळं निथळू दिलं.

मग दोन्ही साखळ्या आळीपाळीनं. कुप्पी टकटक करत होती. नाव बोटभर सुटली आणि काकांनी हात वर केला. सगळे थांबलो. पट्टा सरकतो का, घोडीचा पाय बसतो का, हुकाची खिटी लागली आहे का, हे त्यांनी एकेक करून पाहिलं. तोवर पोरांना गल्लीत पिटाळलं. नाकाडाला बांधलेला दोर साडभाऊंनी दुरून धरला. पुरेशी उंच झाल्यावर ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये निघाला आणि ट्रॉली सुटली.

खाली सागाचे ठोकळे सरकवताना आम्ही ते लांब काठीनंच ढकलले. टांगत्या नावेखाली हात घालायची काकांची सक्त मनाई. नाव बसल्याबरोबर साडभाऊंनी ग्राइंडर मागितलं. काकांनी आधी साखळ्या ढिल्या झाल्या का ते हलवून पाहिलं, मग पट्टे सोडले, नाव दोन्ही हातांनी हेलकावून पाहिली आणि म्हणाले, "आता कर काय करायचं ते."

संध्याकाळी हातोडीनं बूड ठोकत गेलो. साडभाऊ एक पत्रा सांगत होते, तीन लागणार होते.