वर्षावनाच्या कडेने चार चाकांवर : कुरांडाची दैनंदिनी (लेखांक दुसरा)

पहिला दिवस : केर्न्स ते कुरांडा

वर्षाचा बहुतेक काळ भरपूर पाऊस मिळाल्यामुळे सदाहरित राहणारे आणि वृक्षांच्या शेंड्यांचे छत वर एकसंध मिटल्यामुळे ज्याच्या भुईवर उन्हाचा अगदी थोडा अंश पोचतो असे अरण्य म्हणजे वर्षावन. ऑस्ट्रेलियासारख्या कोरड्या खंडात अशा अरण्याला जागा कशी मिळाली, या प्रश्नाचे उत्तर ईशान्येकडील क्वीन्सलंड राज्याच्या नकाशात आहे. तेथे डोंगररांग समुद्राच्या अगदी जवळून जाते आणि आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांतील बाष्प तिच्यावर अडते, म्हणजे सह्याद्री नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बाबतीत जे काम करतो तेच ती व्यापारी वाऱ्यांच्या बाबतीत करते. ऋतू मात्र उलटे आहेत. तेथील पावसाळा साधारण डिसेंबर ते एप्रिल असा असल्याने प्रवासासाठी सप्टेंबर हा कोरडा महिना निवडण्यात आला. टाउन्सव्हिलपासून कुकटाउनपर्यंत सुमारे ४५० किलोमीटर पसरलेल्या आणि जवळपास ९,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या वनपट्ट्याला १९८८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सह्याद्रीसह पश्चिम घाटाला तोच दर्जा २०१२ साली मिळाला. हे दोन्ही भूभाग एके काळी गोंडवन या प्राचीन महाखंडाचे अंश होते.

केर्न्स या बंदरातून पाच जणांचा गट सकाळच्या गाडीने निघाला. या लोहमार्गाचा जन्म उपासमारीच्या भीतीतून झाला आहे. १८८२ च्या लांबलेल्या पावसाळ्यात किनाऱ्यावरून येणाऱ्या वाटा चिखलात बंद पडल्या, हर्बर्टन येथील कथिलाच्या खाणींवरील वस्तीला अन्नधान्य मिळेनासे झाले आणि डोंगर चढणाऱ्या रेल्वेची मागणी जोर धरू लागली. १८८६ साली काम सुरू झाले आणि १८९१ साली रूळ कुरांडा या डोंगरावरील गावापर्यंत पोचले. दरम्यान मजुरांनी पंधरा बोगदे मुख्यतः हातांनी खोदले. बोरघाटातून गाडीने गेलेल्या मराठी प्रवाशाला ही वळणे अनोळखी वाटणार नाहीत. बॅरन नदीचा प्रसिद्ध धबधबा, ज्याला तेथील मूळ जाबुगाय लोक दिन दिन म्हणतात, सप्टेंबरात कातळावरून ओघळणाऱ्या काही धारांएवढाच उरलेला असतो. त्याचे एक कारण कोरडा ऋतू आणि दुसरे कारण वरच्या अंगाला बांधलेला बंधारा, ज्याचे पाणी जलविद्युत केंद्राकडे वळवले जाते. गाडी तेथे दहा मिनिटे थांबते, तेवढा वेळ पुरेसा आहे.

दुसरा दिवस : यंत्राची ओळख

क्वाड बाइक हे मोटारसायकल आणि छोटा ट्रॅक्टर यांच्या मधले वाहन आहे. त्यावर घोड्यावर बसावे तसे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे असते, दिशा हँडलने बदलायची असते आणि वेग उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबायच्या खटक्याने वाढवायचा असतो. लोणावळ्यात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर एटीव्ही या नावाने भाड्याने मिळणारे वाहन ते हेच. त्याचे पूर्वज तीनचाकी होते. होंडा कंपनीने १९७० साली फुगीर चाकांची तीनचाकी बाजारात आणली. पुढे १९८० च्या दशकात सुझुकीने चारचाकी रूप दिले. आणि उलटण्याच्या अपघातांमुळे बदनाम झालेल्या तीनचाकींची विक्री अमेरिकेत १९८८ साली थांबली. चौथे चाक आल्याने धोका कमी झाला, संपला मात्र नाही, आणि सकाळचा संपूर्ण पाठ याच एका विधानाभोवती फिरला.

मार्गदर्शक तरुणीने गटाला तीन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली अशी की मोटारीत वळण घेताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरावे म्हणून जी दंतचक्रांची योजना असते, ती अनेक क्वाड बाइकच्या मागच्या आसात नसते. दोन्ही मागची चाके एकाच दांड्यावर एकाच गतीने फिरतात, त्यामुळे वाहन वळायला कुरकुरते आणि चालकाने शरीराचा भार बाहेरच्या पायावर टाकून आतले चाक हलके केल्याशिवाय ते सरळच जाऊ पाहते. दुसरी अशी की चाकांत हवेचा दाब फार कमी, मोटारीच्या चाकाच्या चौथ्या-पाचव्या भागाएवढा, ठेवलेला असतो, त्यामुळे रबर दगडामुळांवर पसरून पकड धरते. तिसरी, आणि तिच्या मते सर्वांत महत्त्वाची, अशी की दीड माणूस रुंद आणि अडीच-तीनशे किलो वजनाचे हे यंत्र आडव्या उतारावर कलंडले तर ते चालकाला दूर फेकत नाही, त्याच्यावर येऊन पडते.

ऑस्ट्रेलियातील शेतांवर होणाऱ्या मृत्यूंमध्ये क्वाड बाइक हे दीर्घकाळ एक प्रमुख कारण राहिले आहे, आणि त्यांतील कित्येक जण आघाताने नव्हे तर यंत्राखाली चिरडून श्वास कोंडल्याने मेले आहेत. म्हणूनच ११ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या कामकाजी क्वाड बाइकला चालक-संरक्षक चौकट, म्हणजे आसनामागे उभी असलेली आणि वाहन उलटल्यास चालकाच्या शरीरापुरती पोकळी राखणारी कमान, बंधनकारक झाली. शिवाय वाहन बाजूला सुमारे २९ अंशांपर्यंत कलते केले तरी दोन चाकांवर उचलले जाऊ नये, अशी स्थिरतेची अट घालण्यात आली. काही मोठ्या उत्पादकांनी ही अट अमान्य करून त्या देशातील विक्रीच थांबवली. ग्राहकाच्या जिवापेक्षा विक्रीचा आराखडा मोलाचा मानणारा हा निर्णय होता, असे या दैनंदिनीकाराचे मत आहे, मग त्यामागे तांत्रिक कारणे कितीही मांडलेली असोत.

दुपारी मोकळ्या कुरणात सराव झाला. गटातील वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेले, कोल्हापुरात आयुष्यभर बुलेट चालवलेले निवृत्त शिक्षक सर्वांत मागे राहिले, कारण मोटारसायकल यंत्रासकट वळणाकडे झुकवण्याची शरीराला लागलेली सवय येथे उपयोगी पडत नाही. ज्यांना दुचाकीची सवय नव्हती ते मात्र अर्ध्या तासात तयार झाले.

तिसरा दिवस : अरण्याच्या कडेने

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पर्यटनाच्या पत्रकांत ती धूसर ठेवलेली असते. क्वाड बाइकची सहल राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यातून जात नाही. ती त्याला लागून असलेल्या खासगी जमिनीवरून, जुन्या गुरेचराईच्या आणि लाकूडतोडीच्या वाटांवरून जाते. तिच्या दोन्ही बाजूंना दिसते ते बहुतांशी तोडीनंतर पुन्हा वाढलेले दुय्यम वन, आणि खरे जुने अरण्य तारेच्या कुंपणापलीकडे राहते. ही व्यवस्था योग्यच आहे. फक्त प्रवाशाने आपण कशात फिरत आहोत हे जाणून फिरावे.

सात यंत्रे एकामागोमाग निघाली, पुढे मार्गदर्शक आणि शेवटी तिचा साहाय्यक. पहिल्याच चढावर लाल मातीने कोकणातील जांभ्याची आठवण करून दिली, आणि वाटेच्या कडेला घाणेरी फुललेली पाहून गटातील सर्वांनी एकदमच वेग कमी केला. अमेरिका खंडातून शोभेचे झुडूप म्हणून नेलेली ही वनस्पती सह्याद्रीप्रमाणेच क्वीन्सलंडमध्येही तण म्हणून माजली आहे. घाणेरीला ऊन लागते. मिटलेल्या छताखाली ती तग धरत नाही, वाट काढल्याने छतात जेथे फट पडते तेथेच ती येते. वनशास्त्रात याला कडेचा परिणाम म्हणतात : अरण्यातून केवळ चार हात रुंदीची पट्टी काढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाश, वारा आणि उष्णता आत शिरतात, माती लवकर सुकते, सावलीची झाडे मागे हटतात आणि उन्हाची झाडे त्यांची जागा घेतात. वाटेच्या कडेला दिसणारी दाट हिरवी भिंत पाहून प्रवासी अरण्याच्या समृद्धीची तारीफ करतात. प्रत्यक्षात ती भिंत ही जखमेवर धरलेली खपली असते.

त्याच भिंतीत जिंपी-जिंपी उभी होती. हृदयाकृती पानांचे आणि तुतीसारख्या फळांचे हे झुडूप दिसायला साधे आहे, परंतु त्याच्या पानांवर आणि देठांवर सिलिकेचे पोकळ केस असतात, जे त्वचेत घुसून तुटतात आणि आतील विष सोडतात. आपल्याकडील खाजकुइलीची खाज काही तासांत उतरते. जिंपी-जिंपीची वेदना आठवडे, कधी महिनेही परत परत उसळते. २०२० साली क्वीन्सलंडमधील संशोधकांनी या विषातील प्रथिनसदृश लहान रेणू वेगळे करून दाखवले, आणि त्यांची रचना कोळी व शंकूगोगलगायी यांच्या विषाशी मिळतीजुळती निघाली. हे झुडूपही उन्हाच्या फटीत उगवणारे आहे. म्हणजे ज्या वाटेने माणूस अरण्यात शिरतो, तीच वाट त्याच्या कोपराच्या उंचीवर जिंपी-जिंपी आणून ठेवते. साहाय्यकाच्या खिशात केस उपटण्याची मेणपट्टी का होती, याचा उलगडा तेथे झाला.

पुढे ओढा लागला. मार्गदर्शक तरुणी प्रथम पायी उतरली, काठीने खोली आणि तळाचे दगड तपासले, आणि मग एकेका यंत्राला संथ, न थांबता, पलीकडे काढले. मध्येच वेग सोडला तर पाणी धूर-नळीत शिरते आणि यंत्र बंद पडते. ज्येष्ठ शिक्षकांचे यंत्र नेमके मध्येच बंद पडले. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते ढकलावे लागले आणि दोघांच्या पोटऱ्यांना जळवा लागल्या, ज्या नंतर नखाने सरकवून काढल्या.

ओढ्यापलीकडे सर्व यंत्रे बंद करण्यात आली, आणि सहलीचा अर्थ ठरवणारी वीस मिनिटे तेथे मिळाली. दीड तास शिरस्त्राणाच्या आत फक्त स्वतःच्या यंत्राची घरघर ऐकत आलेल्या कानांना शांतता जाणवायलाही वेळ लागला. मग चाबूक उडाल्यासारखा एक आवाज आला आणि त्याला जोडूनच दोन आखूड शिट्ट्या आल्या. हा व्हिपबर्ड, म्हणजे चाबूकपक्षी, असून फटकारा नर मारतो आणि उत्तर मादी देते, पण दोहोंमधील अंतर इतके थोडे असते की ऐकणाऱ्याला तो एकाच पक्ष्याचा स्वर वाटतो. तेथेच, कुंपणाच्या खुंटाजवळ, अख्ख्या बियांनी भरलेला विष्ठेचा ढीग दिसला. तो कॅसोवरीचा होता. माणसाएवढा उंच, उडता न येणारा हा पक्षी पडलेली फळे सगळीच्या सगळी गिळतो आणि बिया दूरवर नेऊन टाकतो. काही मोठ्या बियांच्या झाडांना दुसरा वाहकच उरलेला नाही. अंडी नर उबवतो आणि पिल्लांना सुमारे नऊ महिने तोच सांभाळतो. या पक्ष्याच्या मृत्यूचे एक मोठे कारण रस्त्यावरील वाहनांची धडक हे आहे. पक्षी स्वतः दिसला नाही, आणि सात यंत्रांच्या आवाजानंतर तो दिसावा अशी अपेक्षा धरणे हेच अवाजवी होते.

थांब्याजवळच्या एका बुंध्याबद्दल साहाय्यकाने सांगितले की तो ताम्रदेवदाराचा, म्हणजे तेथील भाषेत रेड सीडरचा, आहे. नाव देवदाराचे असले तरी हा वृक्ष देवदार नव्हे. तो आपल्या जंगलांत आढळणारा तून होय, ज्याचा विस्तार भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या लाकडाला लाल सोने म्हणत आणि त्याच्याच शोधात लाकूडतोडे या दऱ्यांत शिरले. ज्या वाटेवरून आज सहल जाते ती त्या ओंडक्यांसाठी निघालेली होती.

परतीच्या उतारावर विशेष काही घडले नाही.

चौथा दिवस : पायवाट

सकाळी यंत्रे धुण्याचे काम गटानेही केले. चाकांच्या खाचांतील चिखल मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या सूक्ष्म जलबुरशीसदृश जीवाला एका दरीतून दुसऱ्या दरीत नेतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर चाके आणि बूट घासणे येथे रीतसर कर्तव्य मानले जाते. कुरांडाच्या परिसरात पिवळ्या वेड्या मुंगीचेही संकट आहे. फॉर्मिक आम्ल फवारून लहान प्राण्यांना आंधळे करणारी ही परकी मुंगी माती, कुंड्या आणि बांधकामाच्या सामानातून पसरते, आणि जगात केवळ याच भागात आढळणाऱ्या कुरांडा वृक्षबेडकाच्या ओढ्यांपर्यंत तिने पोचू नये म्हणून तेथे मोहीम चालू आहे.

दुपारी बॅरन घळीच्या राष्ट्रीय उद्यानातून पायी जाण्यात आले. २००४ साली या उद्यानावरील जाबुगाय लोकांचा पारंपरिक भूहक्क न्यायालयाने मान्य केला. तेथील काही वाटा मुळात जाबुगायांनी पायांनी पाडलेल्या असून पुढे त्यांवरून खाणकामगारांचे ओझ्याचे घोडे गेले. या वाटांवर छत मिटलेले आहे, घाणेरी नाही, जिंपी-जिंपी क्वचित आहे, आणि वेताच्या काटेरी वेली खांद्याला अडकून माणसाला थांबायला लावतात. तेथील लोक या वेलीला विनोदाने ‘जरा थांब’ असेच म्हणतात. दीड तासात अंतर जेमतेम चार किलोमीटर कापले गेले, आणि आदल्या दिवशीच्या साऱ्या सहलीत दिसले त्याहून अधिक पक्षी दिसले. क्वाड बाइकने अरण्याची कड आणि तिचा इतिहास दाखवला, अरण्य मात्र पायांनीच दाखवले, असा निष्कर्ष या दोन दिवसांवरून काढण्यास हरकत नाही.

कुरांडाला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकाने पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंतचे बूट आणि सुक्या मोज्यांचा एक जास्तीचा जोड सोबत घ्यावा, आणि बुटांच्या तळव्यांतील सह्याद्रीचा चिखल निघण्यापूर्वी घरीच घासून टाकावा; ऑस्ट्रेलियात उतरताना मातीने माखलेले बूट अधिकाऱ्यांना सांगून दाखवावे लागतात.