ओरांच्या बेटावर

घोरपड आपल्याला नवी नाही. कोकणात शेताच्या बांधावरून किंवा कुंपणाच्या आडून सरपटत जाणारी घोरपड पुष्कळांनी पाहिली असेल. चार-पाच फुटांची असली, तरी माणसाची चाहूल लागताच ती बिळात शिरते. पण तिची एक चुलत बहीण अशी आहे, की तिला पाहून माणसालाच पळावेसे वाटते. ही घोरपड दहा फुटांपर्यंत वाढते. तिचे वजन सत्तर किलोच्या घरात जाते. हरीण, रानडुक्कर, एवढेच काय, पण रेडासुद्धा ती मारून खाते. पाश्चात्त्यांनी तिला 'कोमोडो ड्रॅगन' असे नाव दिले. तिच्या बेटावरचे लोक मात्र तिला 'ओरा' म्हणतात.

इंडोनेशियाचा नकाशा समोर घ्या. जावा, बाली, लोंबोक, सुंबावा असे पूर्वेकडे बोट फिरवत गेलात, की फ्लोरेस हे लांबट बेट लागते. सुंबावा आणि फ्लोरेस यांच्यामध्ये कोमोडो, रिंचा आणि पाडर ही बेटे आहेत. 1980 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1991 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. साऱ्या जगात ओरा मोकळी फिरते ती फक्त या भागातच. तिची संख्या अवघी तीन हजारांच्या आसपास आहे.

माझी बहीण आणि मेहुणे नोकरीनिमित्त जकार्ता येथे राहतात. 2023 सालच्या ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे गेलो होतो. भाचीला शाळेची सुट्टी होती. तिने ओरा पाहण्याचा हट्टच धरला. मग आम्ही दोघे विमानाने फ्लोरेसच्या पश्चिम टोकाला, लाबुआन बाजो या बंदरात पोहोचलो आणि तीन दिवसांसाठी एका शिडाच्या बोटीवर चढलो.

या बोटीला 'पिनिसी' म्हणतात. दोन डोलकाठ्या आणि सात शिडे असलेली ही लाकडी बोट सुलावेसी बेटावरचे सुतार समुद्रकिनारीच बांधतात. त्यांच्या या कलेचा 2017 साली युनेस्कोने गौरव केला. आमच्या बोटीला इंजिनही होते आणि खरे सांगायचे तर बराचसा प्रवास त्याच्याच जोरावर झाला. पण दुपारी वारा पडला नाही तर खलाशी शीड उभारत आणि इंजिन बंद करत. तेव्हा लाकडाची करकर आणि पाण्याची चुळबुळ एवढेच काय ते ऐकू येई.

बोटीच्या प्रमुखाला सगळे 'नाखोदा' म्हणत. हा शब्द ऐकून मी चमकलो. आपले कोळी बांधव त्यालाच 'नाखवा' म्हणतात आणि तुम्ही उर्दूत 'नाखुदा' म्हणता! भाचीला इंडोनेशियाची भाषा चांगली येते. ती हसून म्हणाली, "मामा, अजून पुष्कळ सापडतील." आणि खरेच तसे झाले. भेटताच ते 'आपा काबार?' म्हणजे 'काय खबर?' असे विचारतात. खुर्ची ती 'कुर्सी', साबण तो 'साबुन', वक्त तो 'वाक्तू' आणि भाषा ती 'बहासा'. शेकडो वर्षे या समुद्रातून गलबते ये-जा करत होती. कापडाच्या गाठी आणि मसाल्याच्या गोण्या यांच्याबरोबर शब्दही या बंदरातून त्या बंदरात उतरले असावेत.

पहिल्या संध्याकाळी बोट कालोंग नावाच्या बेटाजवळ नांगरली. कालोंग म्हणजे मोठे वटवाघूळ. सूर्य बुडाला आणि खारफुटीच्या झाडांतून हजारो वटवाघळे उठली. धुराचा लांब पट्टा आकाशात ओढावा तशी ती फळांच्या शोधात फ्लोरेसकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाडरची टेकडी चढलो. माथ्यावरून तीन बाजूंना तीन अर्धवर्तुळाकार किनारे दिसतात. लोक तेथे छायाचित्रांसाठी रांग लावतात. मला मात्र वनरक्षकाने सांगितलेली एक गोष्ट अधिक लक्षात राहिली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या पाडरवरून ओरा नाहीशा झाल्या. त्यांना कोणी मारले नव्हते. चोरट्या शिकाऱ्यांनी त्यांची हरणे संपवली होती!

नऊच्या सुमारास आम्ही कोमोडो बेटावर उतरलो. हे बेट हिरवेगार असेल अशी माझी कल्पना होती. पण पाऊस तेथे फार थोडा. वाळलेले पिवळे गवत, मधूनमधून ताडाची झाडे आणि सखल भागात चिंचेची दाट सावली. क्षणभर आपल्या देशावरच्या एखाद्या माळावर आल्यासारखे वाटले. वनरक्षकाच्या हातात बेचक्याची लांब काठी होती. बंदूक नव्हती. ओरा अंगावर आली, तर बेचके तिच्या मानेला लावून तिला मागे रेटायचे, एवढाच तिचा उपयोग. त्याने आम्हांला नियम सांगितले. रांगेत चालायचे, धावायचे नाही, खाण्याची वस्तू बाहेर काढायची नाही आणि कोणाला जखम झाली असेल तर आधी सांगायचे. ओराची जीभ सापासारखी दुभंगलेली असते. ती हवेत फिरवून ती वास घेते. मेलेल्या जनावराचा वास तिला कित्येक किलोमीटरांवरून लागतो.

पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर वनरक्षकाने हात वर केला. समोर मातीचा मोठा ढीग होता. रानकोंबडीसारखा दिसणारा एक पक्षी अंडी उबवण्यासाठी असे ढीग रचतो. ओराची मादी बहुधा असाच एखादा ढीग बळकावते आणि त्यात वीसेक अंडी घालते. ढिगावर ती पसरली होती. मातीच्याच रंगाची, एखाद्या ओंडक्यासारखी. आम्ही अगदी गप्प उभे होतो. तिने डोके उचलले. पिवळसर जीभ दोनदा बाहेर आली. मग तिने डोके पुन्हा मातीवर टेकले. माझे हृदय इतके धडधडत होते, की ते भाचीला ऐकू जाईल असे वाटले.

पूर्वी लोक समजत, की ओराच्या तोंडातल्या घाणेरड्या जंतूंमुळे शिकार मरते. पण तिच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी असल्याचे 2009 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या विषाने रक्त गोठत नाही आणि शिकार गळून जाते. तिची पिल्लेही तिच्यापासून सुरक्षित नसतात. अंड्यातून बाहेर पडताच ती झाडावर चढतात आणि पहिली काही वर्षे तेथेच काढतात, कारण मोठ्या ओरा त्यांनाही खातात.

अशा प्राण्याच्या शेजारी माणसे राहतात, हे मला गावात जाईपर्यंत खरे वाटत नव्हते. कोमोडो गाव त्याच बेटावर, किनाऱ्याला आहे. तेथील एक म्हातारे कारागीर लाकडाची ओरा कोरत बसले होते. त्यांनी एक जुनी कथा सांगितली आणि भाचीने ती मला समजावली. पूर्वी या बेटावर नागांची एक राजकन्या होती. तिला जुळे झाले. मुलगा माणसाचा होता. त्याचे नाव गेरोंग. मुलगी ओरा होती. दोघे वेगवेगळे वाढले. एकदा गेरोंगने रानात हरीण मारले. तेवढ्यात एक ओरा त्या हरणावर आली. त्याने भाला उगारला. तोच आई प्रकट झाली आणि म्हणाली, "मारू नकोस. ही तुझी बहीण आहे."

"तुम्हांला भीती नाही वाटत?" भाचीने विचारले.

"वाटते तर!" ते म्हणाले. "म्हणून तर आमची घरे खांबांवर आहेत."

हा विनोद नव्हता. 2007 साली याच बेटावर आठ वर्षांच्या एका मुलाचा ओराने बळी घेतला होता. तरीही गावाने बेट सोडले नाही. उलट 2019 साली प्रांताच्या राज्यपालांनी बेट वर्षभर बंद ठेवण्याचा आणि गावकऱ्यांना दुसरीकडे हलवण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा गावकरी निषेधाला उभे राहिले. शेवटी तो बेत रद्द झाला. हरणांची शिकार बंद झाली, हे म्हाताऱ्यांना मान्य होते. "पण आम्ही येथे आलो नाही, आम्ही येथलेच आहोत," असे ते म्हणाले. मला त्यांचे म्हणणे पटले. जे लोक या प्राण्याला बहीण मानत आले, त्यांनाच त्याच्यासाठी बाहेर काढणे मला न्यायाचे वाटत नाही. ओराचा धोका टळला आहे असेही नाही. समुद्राची पातळी वाढून तिचे सखल रान कमी होणार, म्हणून 2021 साली तिची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत झाली. आणि समुद्र वाढला तर किनाऱ्यावरचे ते गाव तरी कोठे राहणार?

शेवटचा दिवस पाण्यातला होता. डोळ्यांवर काच, तोंडात श्वास घेण्याची नळी आणि अंगावर तरंगणारे जाकीट. सुरुवातीला मी बोटीची शिडी सोडायला तयार नव्हतो. भाचीने हात धरून मला पुढे नेले. मी पाण्यात तोंड घातले आणि खाली बाग दिसली. कोठे हरणाच्या शिंगांसारखे, कोठे पंख्यासारखे, कोठे मानवी मेंदूसारखे प्रवाळ. ही झाडे नव्हेत. लक्षावधी चिमुकल्या प्राण्यांनी बांधलेली ती घरे आहेत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि त्यांना अन्न व रंग देते. पाणी फार तापले, की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. या बेटांमधून वाहणारे जोरदार प्रवाह खोलवरचे थंड पाणी वर आणतात, म्हणून येथील बरेच प्रवाळ अजून टिकून आहेत. त्याच प्रवाहांमुळे एक खलाशी छोटी होडी घेऊन सतत आमच्याजवळ होता.

एक कासव समुद्रगवत खात होते. भाची त्याच्यापासून बरीच लांब थांबली. रानात थांबली होती, तशीच, हात अंगाशी धरून. कासवाने श्वास घेण्यासाठी वर येऊन डोके बाहेर काढले आणि ते पुन्हा गवताकडे गेले.

थोडे पुढे तळाशी नुसता प्रवाळांचा चुरा पसरला होता. पूर्वी काही कोळी पाण्यात स्फोट करून मासे मारत, त्याची ती खूण असल्याचे नाखोदांनी नंतर सांगितले. तीस वर्षांनंतरही तेथे बाग उभी राहिलेली नव्हती. चुऱ्यात मधूनमधून करंगळीएवढे निळसर कोंब मात्र आले होते. भाचीने ते मोजले. ती वर आली तेव्हा तिचे ओठ थंडीने काळेनिळे झाले होते.

"सतरा," ती म्हणाली आणि पुन्हा पाण्यात गेली.