बारा व्होल्टचा हिशेब

बागेपर्यंत विजेचे पोल आणायचा खर्च ऐकला आणि सोलर मीच बसवायचं ठरवलं. देवगडच्या कातळावर आमची हापूसची कलमं आहेत. हंगामात राखणीला नेपाळी माणसं मांगरात राहतात. त्यांना चार दिवे आणि दोन पंखे पुरेसे होते. इन्व्हर्टर न घेता सगळं बारा व्होल्टवर चालवायचं, म्हणजे शॉकची भीती नाही आणि इन्व्हर्टरमध्ये वीज वायाही जाणार नाही. इथपर्यंत डोकं ठिकाणावर होतं.

पंचवीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आणि पाच वॅटचे चार दिवे, मिळून ७० वॅट. मी १०० वॅटचं पॅनल आणलं, आणि वर तीस वॅट शिल्लक राहतात म्हणून खूश! पंखे रात्री चालतात आणि ऊन दिवसा पडतं, एवढं साधं गणित मांडलंच नाही. पंखे दहा तास आणि दिवे पाच तास धरले तर रात्रीला ६०० वॅट-तास लागतात. १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हातही दिवसाला ४०० च्या आसपासच देतं.

त्यात बॅटरी जोडली ती घरच्या जुन्या जीपची. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला क्षणभर भरपूर करंट देते, तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज रात्री तळ गाठला की ती टिकत नाही. ती हंगाम संपायच्या आतच गेली. मग नवी ट्युब्युलर घेतली.

तरी राखणदार म्हणायचा, "साब, पंखा घूमता है, हवा नहीं देता." मी दुकानदाराशी भांडून पंखा बदलून आणला. नवा पंखाही तसाच रेंगाळत फिरायचा. दुकानदाराचा काही दोष नव्हता, पण ते कळायला शेवटी मल्टिमीटर लावावा लागला. सगळं चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट आणि मांगरात जेमतेम ९.९.

कलमांची सावली नको म्हणून पॅनल उघड्या कातळावर लावलं होतं, ते ठीकच. पण बॅटरीही तिथेच पेटीत ठेवली आणि तिथून मांगरापर्यंत वीस मीटर दीड एमएमची वायर ओढली, घराच्या वायरिंगमधून उरलेली. जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं. ७० वॅटला २३० व्होल्टवर पाव-अर्धा अँपिअर लागतो, बारा व्होल्टवर जवळपास सहा. घरच्या लाइनीत अडीच व्होल्ट गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. इथे पाचवा हिस्सा वायरीतच गेला.

बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर मांगरात आणले आणि लांबची वायर पॅनलच्या बाजूला टाकली, चार एमएमची. पॅनल १८ व्होल्टच्या आसपास काम करतं, त्यातला एखादा व्होल्ट वाटेत गेला तरी बॅटरी चार्ज होते. पंखे त्याच संध्याकाळी नीट फिरले.

फ्यूज मात्र अजूनही नव्हता. बारा व्होल्टला कशाला, असं वाटायचं. पत्र्याच्या कडेवर घासून वायरीच्या दोन्ही तारा उघड्या पडल्या, एकमेकींना टेकल्या आणि बॅटरीपासून वायर लालभडक झाली. राखणदाराने फडक्याने क्लॅम्प उपटला म्हणून मांगर वाचला. शॉक लागत नाही म्हणजे आग लागत नाही, असं नसतं. आता पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज आहे.

पावसाळ्यात वादळाच्या धास्तीने पॅनल उतरवलं आणि बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवली, अर्धवट उतरलेली. दिवाळीनंतर ती चार्जच घेईना. अशा पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. तिचा नाद सोडावा लागला.

आज २०० वॅटची पॅनलं आणि १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर आहे, आणि निम्म्याखाली ती उतरू देत नाही. पावसाळ्यात ती घरी नेऊन महिन्याला चार्ज करतो. दुकानात गेलात तर पॅनलचा भाव विचारण्याआधी बॅटरीपासून पंख्यापर्यंत टेप धरून अंतर मोजा आणि तो आकडा घेऊनच वायर मागा.